गाडीला नवे स्पार्क प्लग घ्यायचे आहेत, पण नेमके कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लग बदलायची वेळ आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "इरिडियम घेऊ की साधे?" माझ्या हिशेबाने हा चौथा प्रश्न आहे. त्याआधी प्लग तुमच्या इंजिनात बसतो का, पुरेसा आत पोचतो का आणि तापला की उष्णता किती लवकर सोडतो, हे तीन प्रश्न सुटायला हवेत. ते सुटले नाहीत तर टोकाला कुठला धातू आहे याला काहीच अर्थ राहत नाही. खालची उत्तरं त्याच क्रमाने दिली आहेत.

माझ्या गाडीला कोणता प्लग लागतो, हे खात्रीने कुठे कळेल?

गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये. शेवटच्या पानांवर तपशिलांचा तक्ता असतो, त्यात प्लगचा नंबर आणि गॅप (ठिणगी ज्या फटीतून उडते तिचं माप) दोन्ही छापलेले असतात. काही गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवरही हे लिहिलेलं सापडतं. मॅन्युअल हरवलं असेल तर प्लग बनवणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग बघा. पण तिथे नुसतं मॉडेलचं नाव टाकून थांबू नका. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन वेगवेगळी इंजिनं येतात, आणि कधी कधी वर्षाच्या मध्यावर इंजिन बदललेलं असतं. म्हणून उत्पादनाचं वर्ष आणि इंजिनाचा कोड हातात असू द्या. चॅसी नंबरवरून शोधता आलं तर सगळ्यात उत्तम.

जुना प्लग काढून "अगदी असाच द्या" म्हटलं तर?

चालेल, पण तो जुना प्लग बरोबर होता याची खात्री असेल तरच. मी एकदा वापरलेली गाडी घेतली होती. तिचे चारही प्लग काढले तर तिघांवर एक नंबर आणि चौथ्यावर दुसराच. आधीच्या मालकाने कधीतरी मिळेल तो बसवून वेळ मारून नेली असावी. त्यातला नमुना म्हणून मी कुठला दाखवणार होतो? जुना प्लग हा फार तर साक्षीदार, निकाल मॅन्युअलचा.

प्लगवरच्या त्या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ काय?

तो प्लगचा पूर्ण पत्ता असतो, मात्र प्रत्येक कंपनीची लिहिण्याची रीत वेगळी. एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. सुरुवातीचं 'बीके' सांगतं की आट्यांचा व्यास १४ मिमी आणि पाना बसतो तो षट्कोन १६ मिमीचा. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. '६' ही हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती वेगाने सोडतो याचा आकडा. 'ई' म्हणजे आट्यांच्या भागाची लांबी १९ मिमी. शेवटचं '११' म्हणजे गॅप १.१ मिमी.

साधारण त्याच मापाचा डेन्सोचा प्लग के२०पीआर-यू११ या नावाने येतो. इथे 'के' या एकाच अक्षरात आटे, लांबी आणि षट्कोन तिन्ही आले. २० ही हीट रेंज, आणि ११ चा अर्थ तोच. बॉशच्या एफआर७डीसीमध्ये 'एफ' म्हणजे १४ मिमीचे आटे आणि १६ मिमीचा षट्कोन, 'आर' म्हणजे रेझिस्टर आणि ७ ही हीट रेंज.

आता बघा, एकीकडे ६, दुसरीकडे २०, तिसरीकडे ७, आणि तिन्ही प्लग उष्णतेच्या बाबतीत जवळपास सारखे. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर शोधू नका. त्यासाठी पर्यायी नंबरांचे तक्ते असतात, ते वापरा. आणि तक्ता सापडला तरी खालची मापं एकदा स्वतः पडताळा, कारण अशा तक्त्यांत "जवळचा" आणि "तोच" हे दोन्ही एकाच रांगेत लिहिलेले असतात.

मापं म्हणजे नेमकं काय काय जुळायला हवं?

आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बूड आणि षट्कोन.

व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. गाड्यांत सर्रास दिसतो तो १४ मिमी; नव्या इंजिनांत जागा वाचवायला १२ मिमीचे आणि काही ठिकाणी १० मिमीचेही असतात. षट्कोनाचंही तसंच. २०.८, १६ किंवा १४ मिमी, म्हणजे फार तर पाना वेगळा लागेल. पण प्लगची विहीर, म्हणजे तो ज्या खोल भोकात उतरतो ते, अरुंद असेल तर जाड षट्कोनाचा प्लग तिच्यात उतरणारच नाही.

फसवते ती लांबी. १२.७, १९ आणि २६.५ मिमी ही नेहमीची मापं. १९ च्या जागी २६.५ चा प्लग घातला तर तो निमूट बसतो, आटेही छान फिरतात, आणि टोक मात्र ज्वलनकक्षात खोलवर जातं. नशीब फिरलं असेल तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला येऊन धडकतो. नाही धडकला तरी आत उघडे पडलेले आटे तापून लाल होतात, त्यांच्यावर काजळी चढते आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडचे (इंजिनाच्या वरच्या, प्लग बसतो त्या भागाचे) आटे त्याच्यासोबत बाहेर येतात. उलट लांबी कमी पडली तर ठिणगी बिळात पडल्यासारखी होते, मिश्रण नीट पेटत नाही, आणि हेडचे रिकामे राहिलेले आटे काजळीने भरतात. पुढे योग्य लांबीचा प्लग आणला तरी तो पूर्ण आत जात नाही.

बूड, म्हणजे प्लग हेडवर टेकतो तो भाग, दोन प्रकारचं: सपाट बुडाला वॉशर असतो, निमुळत्या बुडाला नसतो. या दोघांची अदलाबदल होत नाही. निमुळत्या बुडाच्या प्लगला "वॉशर राहिला वाटतं" म्हणून वरून वॉशर घालणारेही मी पाहिले आहेत. तसं करू नका, गॅस गळते.

हीट रेंज, म्हणजे गरम प्लग आणि थंड प्लग, ही काय भानगड आहे?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. 'गरम' प्लग इंजिनाला गरम करत नाही, त्याची ठिणगीही जास्त गरम नसते. प्लगच्या टोकाला बसलेली उष्णता तो किती वेगाने हेडकडे सोडतो, एवढंच हीट रेंज सांगते.

आत दिसणारा पांढरा चिनी मातीचा सुळका लांब असेल तर उष्णतेला धातूच्या कवचापर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो. टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. सुळका आखूड असेल तर उष्णता चटकन आट्यांमधून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. तो थंड प्लग.

टोकाला एक ठरावीक पट्टा सांभाळावा लागतो. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की टोकावरची काजळी आपोआप जळून जाते, प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याच्या खाली राहिलं की काजळी साचते, आणि ठिणगी गॅपमधून उडी मारायच्या ऐवजी काजळीवरून सरपटत जाते. दुसरीकडे साधारण ८५० अंशांच्या वर गेलं की टोक निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. या अवेळी पेटण्याने पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून चुकीचा थंड प्लग गाडी कुरकुरवतो, तर चुकीचा गरम प्लग इंजिनच खातो. शंका असेल तेव्हा गरम बाजूला झुकू नका.

आकड्यांचा घोळ असा: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचे ५, ६, ७, ८ म्हणजे डेन्सोचे अनुक्रमे १६, २०, २२, २४. "एक नंबर वरचा दे" असं तोंडी सांगितलेलं काम म्हणूनच बिघडतं. वरचा म्हणजे कुठल्या कंपनीचा वरचा?

इंजिन कंपनीने दिलं तसंच असेल तर हीट रेंज बदलायचं कारणच नाही. थंडीच्या दिवसांत गरम प्लग आणि उन्हाळ्यात थंड, ही पद्धत जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना तिची गरज नाही.

आता तरी सांगा, साधा, प्लॅटिनम की इरिडियम?

सांगतो. आधी एक नाव सुधारून घेऊ. साध्या प्लगला अनेक जण "कॉपर प्लग" म्हणतात. तांबं असतं ते आतल्या गाभ्यात, उष्णता वाहून न्यायला. ठिणगी पडते ते टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, ते टोकाला कसं टिकणार?

निकेल वितळतं १४५५ अंशांना, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४६ ला. पण खरा फरक वितळण्यापेक्षा झिजण्यात आहे. गाडी ३००० आरपीएमवर धावत असताना चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू घेऊन जाते. निकेल मऊ, म्हणून टोक २.५ मिमी जाड ठेवावं लागतं आणि तरी ते लवकर गोलाकार होतं. इरिडियम इतकं चिवट की टोक ०.४ ते ०.६ मिमी बारीक करता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि नुकत्याच पेटलेल्या ज्योतीची उष्णता शोषून घ्यायला तिथे धातूही थोडाच असतो. थंड इंजिन सुरू करताना आणि आयडलिंगला हा फरक थोडा जाणवतो.

पण दोन इरिडियम सारखे नसतात, हे डब्यावर ठळक लिहिलेलं नसतं. काहींत फक्त मधल्या टोकाला इरिडियम असतं आणि वरच्या वाकड्या पट्टीला साधं निकेल. हे प्लग मुख्यतः ठिणगी सुधारायला बनवलेले, आयुष्य बेताचंच. दुसऱ्या प्रकारात पट्टीलाही प्लॅटिनमची किंवा इरिडियमची छोटी टिकली वेल्ड केलेली असते. लाखभर किलोमीटर जातात ते हे.

हा फरक एका ठिकाणी फार महत्त्वाचा ठरतो. काही इंजिनांत एक कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) दोन सिलिंडरना मिळून ठिणगी देते. त्यात एका प्लगमध्ये ठिणगी सरळ जाते आणि दुसऱ्यात उलटी, म्हणजे पट्टीकडून मधल्या टोकाकडे. त्या दुसऱ्या प्लगची पट्टीच झिजते. तिथे फक्त मधल्या टोकाला महाग धातू असलेला प्लग लावला तर पैसे एका टोकाला आणि झीज दुसऱ्या टोकाला. अशा इंजिनाला दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेला प्लग हवा.

कंपनीने इरिडियम दिले आहेत. मी साधे बसवले तर?

मापं आणि हीट रेंज जुळली तर गाडी सुरू होईल, चालेलही. पण मुदत लक्षात ठेवावी लागेल. जिथे १ लाख किमीचा हिशेब होता तिथे ३० हजारांच्या आसपासच प्लग काढावे लागतील. काही इंजिनांत प्लगपर्यंत पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा पोचवणारा भाग) उतरवावा लागतो. तिथे साधे प्लग लावून वाचवलेले पैसे मजुरीत जातात, वर गॅस्केटचा खर्च वेगळा. शिवाय ती इग्निशन बारीक टोकाच्या हिशेबाने बसवलेली असते, जाड टोकाला तिला जास्त जोर लावावा लागतो. मी तरी हा उलटा प्रवास करणार नाही.

आणि साध्याच्या जागी इरिडियम?

बहुतेक वेळा बिनधास्त. त्याच मापाचा, त्याच हीट रेंजचा, तुमच्या इंजिनासाठी यादीत दिलेला इरिडियम चालतो. फक्त गाडी तेल जाळत असेल तर थांबा. तेलाने माखायचाच असेल तर स्वस्तातला प्लग माखू दे, आधी इंजिनाकडे बघा.

इरिडियमने मायलेज आणि पिकअप वाढतो म्हणतात, खरं का?

झिजलेले प्लग काढून नवे घातले की दोन्ही सुधारतात, मग ते साधे असोत की इरिडियम. लोक श्रेय धातूला देतात. ते बहुतेक नवेपणाचं असतं.

गॅप आपण सेट करायचा का?

गॅप म्हणजे मधलं टोक आणि पट्टी यांतलं अंतर. गाड्यांत साधारण ०.७ ते १.१ मिमी. डब्यातून काढलेला प्लग तपासायचा नक्की. वाटेत कुठेतरी आपटून पट्टी दबलेली असू शकते.

साध्या निकेलच्या प्लगचा गॅप पट्टी हलकेच वाकवून जुळवता येतो. बारीक टोकाच्या प्लगला हात लावताना मात्र जपून. किल्लीच्या छल्ल्यावर मिळणारी ती गोल, कडेला उतरती पट्टी असलेली गेज मधल्या टोकावर टेकवून दाबली की इरिडियमचं टोक तुटतं. इरिडियम कठीण आहे तसं ठिसूळही आहे. तारेची गेज घ्या, फक्त मोजा, आणि माप फारच चुकलं असेल तर पट्टी वाकवण्यापेक्षा प्लग परत करा.

गॅप मोठा ठेवला तर ठिणगी मोठी, हे तत्त्व म्हणून खरं. पण तेवढी उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतं आणि कॉइलवर ताण येतो. प्लग झिजत जातो तसा गॅप आपोआप वाढतच असतो, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची?

नावातला 'आर' नसला तर चालेल का?

नाही. तो साधारण ५ किलोओमचा रेझिस्टर ठिणगीमुळे उठणाऱ्या रेडिओलहरी दाबतो. पूर्वी तो नसला की फक्त रेडिओ खरखरायचा. आता त्याच लहरींनी इंजिनाच्या कॉम्प्युटरचे आणि सेन्सरचे सिग्नल गोंधळू शकतात.

तीन-चार पट्ट्यांचे प्लग जास्त ठिणग्या टाकतात का?

एका वेळी एकच ठिणगी, जिथे वाट सोपी तिथून. पट्ट्या जास्त म्हणजे झीज वाटली जाते, आयुष्य वाढतं. तुमच्या इंजिनाला कंपनीनेच तसे दिले असतील तर तसेच घ्या, नाहीतर त्यांच्या नादी लागू नका.

गाडी सीएनजी किंवा एलपीजीवर आहे. वेगळे प्लग लागतात का?

कंपनीतूनच गॅसवर आलेली गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये तिचा प्लग वेगळा दिलेला असू शकतो. पेट्रोल आवृत्तीचा नंबर बघून घेऊ नका. किट नंतर बसवलं असेल तर किट बनवणाऱ्याची शिफारस विचारा. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर निमूट चालणारा अर्धा झिजलेला प्लग गॅसवर टाकताच झटके देतो. म्हणूनच गॅसच्या गाडीला गॅप अनेकदा थोडा कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. "पेट्रोलवर ठीक चालते, गॅसवर मिसिंग करते" ही तक्रार आली की किट उघडायच्या आधी प्लग बघावेत. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

टर्बो गाडीसाठी काही वेगळं?

टर्बोमुळे सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवणं कठीण, म्हणून गॅप कमी, बऱ्याचदा ०.७-०.८ मिमी; आणि उष्णता जास्त म्हणून प्लग थंड. कंपनीने हे सगळं धरूनच नंबर दिलेला असतो. गाडीचं ट्यूनिंग बदलून ताकद वाढवली असेल तरच एक पायरी थंड प्लगाचा विचार येतो, आणि तो ट्यूनिंग करणाऱ्यालाच विचारा.

थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या काही इंजिनांत प्लगची पट्टी कुठल्या दिशेला येते यालाही महत्त्व असतं, म्हणून त्या प्लगचे आटे ठरावीक जागेवरून सुरू केलेले असतात. अशा गाडीला मूळ नंबर सोडून "तसाच दिसणारा" पर्याय शोधू नये.

किती किलोमीटरला बदलायचे?

मॅन्युअल सांगेल तेव्हा. ढोबळमानाने साधे निकेलचे ३० ते ४० हजार किमी, दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेले १ लाखाच्या आसपास. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर प्लग स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही, त्यामुळे तारीख थोडी अलीकडे ओढा.

बदलायचे तर सगळे एकदम. एकच खराब झाला आणि बाकीचे तेवढेच किलोमीटर चाललेले असतील तर तेही रांगेतच उभे आहेत.

चार सिलिंडर म्हणजे चारच प्लग ना?

बहुतेक गाड्यांत हो. होंडाच्या आय-डीएसआय इंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे चार सिलिंडरना आठ. घेण्याआधी मोजा.

डिझेल गाडीला कोणते?

कुठलेच नाहीत. डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं. तिथे असतात ते ग्लो प्लग. त्यांचं काम थंड इंजिन सुरू होताना मदत करण्याचं, निवडही वेगळी.

काढलेल्या प्लगवरून काय कळतं?

पुष्कळ काही, म्हणून काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. टोक फिकं तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, एअर फिल्टर तुंबलेला, किंवा सतत छोट्या फेऱ्या. ओलं, चिकट काळं म्हणजे तेल वर येतंय. सुळका पांढराफटक आणि त्यावर फोड म्हणजे जास्त तापलाय: प्लग चुकीचा गरम, मिश्रणात इंधन कमी, किंवा तो नीट आवळलेला नव्हता. ही शेवटची शक्यता कुणाच्या लक्षात येत नाही. सैल प्लगला उष्णता सोडायला हेडचा आधारच मिळत नाही.

बाहेरच्या बाजूला, धातूच्या कवचाला लागून चिनी मातीवर तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, गॅस गळल्याची ती खूण नव्हे. पण चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरूनच पळतेय. तो प्लग आणि त्यावरचा रबरी बूट दोन्ही बदला. फक्त प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगवरही तीच रेघ उमटवतो. आणि प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर ते व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचं काम आहे, प्लगचा दोष नाही.

जुने प्लग घासून परत वापरले तर?

तारेच्या ब्रशने चिनी मातीवर धातूचे कण लागतात आणि ठिणगीला नवी पळवाट मिळते. बारीक टोकाच्या प्लगला तर ब्रश लावूच नये. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय एवढ्यापुरतं ठीक.

नकली प्लग कसा ओळखायचा?

चांगल्या नावांच्या प्लगची नक्कल भरपूर होते, आणि डबा हुबेहूब असतो. म्हणून डब्यापेक्षा प्लग बघा. मधलं टोक पट्टीच्या बरोबर खाली आहे का, की कडेला सरकलेलं? वॉशर हाताने सहज निघून येतो का? अस्सल प्लगचा वॉशर फिरतो, पण आट्यांवरून सुटत नाही. आटे गुळगुळीत आहेत का? चिनी मातीवरची छपाई नखाने खरवडली जाते का? चारही प्लगांचा गॅप एकसारखा आहे का? मल्टिमीटर असेल तर वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत रेझिस्टन्स मोजा. 'आर' लिहिलेल्या प्लगमध्ये काही किलोओम यायला हवेत. शून्याजवळ आला तर आत रेझिस्टर नाहीच.

इरिडियमच्या नावाखाली टोक पेन्सिलीसारखं जाड दिसलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही. एक उलट सूचनाही: एनजीकेच्या मूळ कंपनीने २०२३ मध्ये आपलं नाव निटेरा केलं. प्लगचा ब्रँड एनजीकेच आहे, त्यामुळे कुठे निटेरा हे नाव दिसलं म्हणून माल नकली ठरवू नका.

गाडी मिसिंग करतेय. प्लग घेऊ की कॉइल?

आधी स्कॅनर लावा. तो बिघाडाचा कोड दाखवतो: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण न पेटणं), पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, असं पुढे. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून कोड पुसा आणि गाडी चालवा. दोष कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करून बघा. प्लगसोबतही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा.

फक्त हे लांबवू नका. न पेटलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळतं, आणि त्याच्या किमतीपुढे प्लगचा अख्खा संच काहीच नाही.

स्वतः बसवताना किती आवळायचा?

इंजिन थंड असू द्या. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. प्लग सोडवण्याआधी विहिरीतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडेल. नवा प्लग हातानेच सुरू करा. विहीर खोल असेल तर त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही आणि हेडचं नुकसान करतो.

टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमधूनच घ्या. अॅल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमीच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. टॉर्क रेंच नसेल तर डब्यावर किती फिरवायचं ते छापलेलं असतं: १४ मिमीच्या नव्या वॉशरचा प्लग हाताने टेकला की पुढे साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्या बुडाचा फक्त एक सोळांश. ही दोन मापं एकमेकांना लावली तर निमुळता प्लग हेडमध्ये रुतून बसतो.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावावं का?

अँटी-सीझ म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप. आजच्या प्लगच्या आट्यांना आधीच मुलामा असतो, म्हणून एनजीकेसारख्या कंपन्या ते लावू नका असंच सांगतात. आटे निसरडे झाले की रेंचवर आकडा बरोबर दिसतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा थेंबभर थर मात्र चालतो, पुढच्या वेळी बूट फाटत नाही.

नवा प्लग हातातून खाली पडला. दिसायला ठीक आहे, लावू का?

नका लावू. मी लावला होता. गॅप मोजला, बरोबर आला, बाहेरून ओरखडाही नव्हता. तीन दिवसांनी चढावर गाडी झटके द्यायला लागली, आणि नवे प्लग म्हणून मी त्यांच्यावर संशयच घेतला नाही. आधी कॉइल बदलून पाहिली, मग पेट्रोलला दोष दिला. शेवटी प्लग काढून उजेडात फिरवला तेव्हा चिनी मातीवर केसाएवढी तडा दिसली. कमी लोडवर ठिणगी गॅपमधून जायची, लोड आला की तड्यातून. तेव्हापासून मी संच घेताना एक प्लग जास्तीचा घेतो.